खिडकी क्रमांक दोन

माझ्या बिल्ल्यावर एदुविनातल्या 'व'चा 'ब' छापलाय.
आमच्या बोलण्यात दोन्ही सारखेच ऐकू येतात,
म्हणून सात वर्षं तसाच लावते.
आंकुदचा बसस्टँड, चिलोए बेट,
जिथून खाली देशाचा नकाशा
चिंध्या चिंध्या होत जातो.

काचेला बोलण्यापुरती भोकं पाडलीत
ती कुणा उंच माणसाच्या तोंडाच्या मापानं.
मी बटाट्याच्या खोक्यावर उभी राहून नोकरी करते.
खोकं माझं आहे, कंपनीचं नाही.

ग्राहक राजा असतो, असं मागच्या भिंतीवर लिहिलंय.
माझे राजे सकाळी सहाला येतात,
लोकरीच्या टोपीतून पाणी गाळत,
एका हातात शिंपल्यांची गोणी, दुसऱ्या काखेत कोंबडी,
आणि विचारतात, हिचं तिकीट पडतं का?
मांडीवर बसली तर नाही, मी सांगते.
हा नियम कुठेही लिहिलेला नाही.
मीच केलाय.

पगाराचं म्हणाल तर
वीस तारखेनंतर आमच्या घरी
रोज एकच कालवण असतं, आणि ते पातळ होत जातं.
धाकटी नेल्दा सान्तियागोहून फोनवर करवादते,
एवढं डोकं तुझं, खिडकीत बसून कुजवलंस.
बसून नाही गं, मी म्हणते,
उभी राहून.

तिला काय सांगू,
की एक्केचाळीस गावं मला थांब्यांच्या क्रमानं येतात,
उलटीसुद्धा.
की पाऊस काचेला कुठून लागतोय ते बघून
चाकाओची फेरीबोट सुटेल की नाही मी सांगते,
आणि चुकले तर थर्मासमधला चहा ड्रायव्हरांचा.
की परवा एक बाई आली, हातात इस्पितळाचा कागद,
पुएर्तो मोन्त म्हणाली आणि पुढे बोलेचना.
एकेरी की परतीचं, हे मी दिवसातून दोनशेदा विचारते.
तिला विचारलं नाही.
पाण्याच्या बाजूची जागा दिली, सुटे पैसे हातात मोजले,
एक एक, सावकाश,
मागची रांग कुरकुरली तरी.
न विचारणं हेही कामच असतं.
पगारपत्रकात त्याचा रकाना नाही.

गुरुवारी म्हातारा अमादोर मान्सिया येतो.
केमचीची गाडी किती वाजता?
तीन चाळीस, फलाट चार, वाटेत दोनदा थांबते.
तो टोपी उचलतो, बाकावर जाऊन बसतो,
गाडी गेली की घरी जातो.
चार वर्षं झाली. एकदाही चढला नाही.
केमचीत त्याचं कोण आहे, किंवा होतं,
मला ठाऊक नाही.
उत्तर मात्र मी दर वेळी
पहिल्यांदाच विचारल्यासारखं देते.

या गुरुवारी म्हटलं, तीन चाळीस.
त्यानं टोपी उचलली नाही.
तीन दहा, म्हणाला.
एप्रिल लागला. हिवाळी वेळापत्रक.
तुझ्या पाठीमागे चिकटवलंय.

वळून पाहिलं. तीन दहा.
सकाळी मीच चिकटवलेलं, माझ्याच अक्षरात.
मी अशी हसले की खोकं डगमगलं,
खिडकी क्रमांक एकमधली ग्लादिस काय झालं म्हणून धावत आली,
आणि म्हातारा काचेपलीकडे
तोंडाचं बोळकं उघडून नुसता हलत होता.

मग तो बाकावर गेला. पाठ जरा ताठ.
शाळेच्या दप्तराचा एक पोरगा
केमची केमची करत हिंडत होता,
त्याला बोलावून सांगू लागला,
थेट माझ्या सुरात, मान तेवढीच तिरकी करून:
तीन दहा, फलाट चार, वाटेत दोनदा थांबते.

पोरगा तरी खात्री करायला माझ्याकडे आलाच.
टाचा उंचावून, भोकांपर्यंत तोंड पोचेना.
मी खोक्यावरून खाली उतरले,
पैसे सरकवायच्या फटीशी वाकले
आणि म्हटलं, बरोबर आहे.
त्या साहेबांना इथलं सगळं माहीत असतं.